डोक्याची पट्टी निघाली, पण मूल बरं झालं का?



आज एका चुकीबद्दल लिहायचं आहे. चूक माझीच आहे, म्हणून लिहायला थोडा वेळ लागला.

मी चौथीला शिकवते. आमची शाळा मंडईपासून चालत दहा मिनिटांवर आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं कोणी ना कोणी मंडईत असतं. कोणाचे वडील टेम्पो चालवतात, कोणाची आई लसूण सोलून विकते, कोणाची आजी पालेभाजीचा गाळा सांभाळते. अशाच एका आजींचा नातू माझ्या वर्गात होता. त्याचं नाव सांगत नाही. बडबड्या, हिशेबात पक्का, गणपतीत ढोल वाजवायची हौस असलेला मुलगा.

जुलै महिन्यात तो काकांच्या स्कूटरवर मागे बसून जात होता. पाऊस होता, गतिरोधक दिसला नाही, गाडी घसरली. काकांना खरचटलं. हा डोक्यावर पडला. काही वेळ शुद्ध नव्हती. दवाखान्यात सीटी स्कॅन केलं, मेंदूत थोडा रक्तस्राव झाल्याचं दिसलं. ऑपरेशन लागलं नाही. आठवडाभराने घरी सोडलं. कपाळाला टाके, डोक्याला पट्टी आणि कागदावर एक ओळ : विश्रांती घ्यावी. किती, कशी, शाळेचं काय, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं.

ऑगस्टच्या मध्यावर तो शाळेत आला. पट्टी निघालेली, केस वाढलेले, चालणं-बोलणं नीट. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, कर्तव्यदक्ष शिक्षिका, त्याच्या हातात शेजारच्या मुलीची वही दिली. म्हटलं, "महिन्याचं राहिलंय, रोज थोडं थोडं उतरवून काढ."

तो तीन-चार ओळी लिहायचा आणि बाकावर डोकं ठेवायचा. पाढे म्हणताना मध्येच थांबायचा. बाकं सरकवल्याचा आवाज झाला की कानांवर हात ठेवायचा. एकदा किरकोळ कारणावरून शेजारच्या मुलाला ढकललं, आधी कधी असं केलं नव्हतं. एका दुपारी मी वर्गासमोर म्हणाले, "मंडईत आजीजवळ बसायला बरं जमतं, लिहायलाच कसं रे डोकं दुखतं?" वर्ग हसला. तोही कसनुसा हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याने शाळेत येणं बंद केलं.

आजीची शाळा

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मंडईत गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कमी. आजी गाळ्यावर बसलेल्या आणि शेजारी हा लिंबं लावत होता. पाच-पाच लिंबांचे ढीग. मला पाहून तो उठला आणि मागच्या पोत्यांआड गेला.

मी म्हटलं, "आजी, इथे काम करतो, मग शाळेत का येत नाही?"

आजी म्हणाल्या, "बाई, इथं मी त्याला एका वेळी एकच सांगते. लिंबं लाव म्हटलं की लिंबंच. दोन कामं सांगितली की गडबडतो, मग चिडतो. आणि गर्दी झाली की त्याला मागं पोत्यावर निजवते. त्याचं अंग नाही दमत, डोकं दमतं."

मग त्यांनी समोरच्या मेथीकडे बोट केलं. "ही दुपारी मान टाकते. तिच्यावर ओरडलं तर उभी राहील का? पाणी मारायचं, ओलं गोणपाट टाकायचं. संध्याकाळी बघा कशी ताजी होते."

मी डीएड केलेली. बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी सुटलेला. विशेष गरजा असलेल्या मुलांवरचं प्रकरणही वाचलेलं. पण डोक्याला मार लागलेलं मूल वर्गात परत आलं तर काय करायचं, हे मला त्या दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. आजींना कोणीच शिकवलं नव्हतं. त्यांनी फक्त नीट पाहिलं होतं. मी पाहिलंच नाही, मी तपासत होते.

आत नक्की काय झालेलं असतं?

त्यानंतर मी त्याच्या आईबरोबर पुढच्या तपासणीला गेले, डॉक्टरांना प्रश्न विचारले, वाचलं. जे समजलं ते सोप्या शब्दांत सांगते, कारण ते आपल्या कामाचं आहे.

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगल्यासारखा असतो. डोकं जोरात आपटलं की तो आत हलतो, कवटीवर आदळतो. त्यात मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणारे बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे ताणले गेलेले तंतू साध्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसत नाहीत. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे" याचा अर्थ "मूल नॉर्मल आहे" असा नेहमीच नसतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. इजा झालेल्या मेंदूला तेच काम करायला जास्त कष्ट पडतात. फळ्यावरचं वाचणं, लक्षात ठेवणं, वहीत उतरवणं, त्याच वेळी बाहेरचा हॉर्न आणि शेजारच्याची कुजबुज बाजूला सारणं, ही आपल्या दृष्टीने एक कृती असते. त्याच्या मेंदूला ती चार-पाच कामं एकदम वाटतात. म्हणून तीन ओळींतच तो थकतो. डोकेदुखी, चिडचिड, विसराळूपणा, आवाज आणि उजेड सहन न होणं, हे सगळं त्या इजेचंच दिसणं आहे. संस्कार बिघडल्याचं ते लक्षण नव्हे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवावी. जुनं शिकलेलं बऱ्याचदा शाबूत असतं, अडतं ते नवं शिकताना. आमच्या मुलाला दहापर्यंतचे पाढे येत होते, पण त्या महिन्यात शिकवलेला भागाकार दुसऱ्या दिवशी पुसून जायचा. मी म्हणायचे, "सोपं येतं तुला, अवघडाचाच कंटाळा." किती चुकीचं होतं ते!

मेंदू स्वतःला सावरतोही. सूज उतरते, राहिलेले तंतू नवे जोड तयार करतात, एका वाटेने जमत नाही ते दुसऱ्या वाटेने करायला तो शिकतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, पुढे वेग कमी होतो, पण ती वर्षानुवर्षं चालू राहू शकते. या नव्या वाटा सरावाने पडतात. म्हणजे नुसतं अंथरुणात पडून राहूनही भागत नाही. आता डॉक्टर सौम्य इजेत पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि मग त्रास वाढणार नाही इतपत, पायरीपायरीने काम वाढवायला सांगतात. गंभीर इजेत हा काळ अर्थातच मोठा असतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

१८४८ सालची दोन उदाहरणं

१८४८ हे साल आपल्या पेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मंडईतून पाच मिनिटं चाललं की बुधवार पेठेत भिडेवाड्याची जागा येते. तिथे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ते हेच वर्ष. (ज्या मंडईच्या इमारतीवरच्या खर्चाला जोतीरावांनी नगरपालिकेत विरोध केला, त्याच 'रे मार्केट'ला पुढे त्यांचं नाव मिळालं, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे.)

त्याच १८४८ मध्ये अमेरिकेत फिनियस गेज नावाच्या रेल्वेकामावरच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंग ठासायची साडेतीन फुटांची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला. चालू-बोलू लागला. पण त्याचा स्वभाव बदलला, तो तापट आणि बेभरवशाचा झाला, असं त्याच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं. मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात.

पण ती तिथे संपत नाही. गेज पुढे सुमारे बारा वर्षं जगला. त्यातली काही वर्षं त्याने दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात घोडागाडी हाकली. घोडे जुंपणं, प्रवासी घेणं, ठरलेल्या रस्त्याने गाडी नेणं. रोज तीच वेळ, तोच क्रम. या ठरलेल्या दिनक्रमामुळेच तो पुष्कळसा सावरला असावा, असं त्याच्यावर संशोधन करणाऱ्या काही अभ्यासकांना वाटतं.

मला हे वाचताना लिंबांचे ढीग आठवले. एका वेळी एक काम, ठरलेली वेळ, ओळखीची जागा, चुकलं तरी न हसणारं माणूस. शाळेपेक्षा गाळ्यावर तो मुलगा अधिक बरा होत होता, कारण हे सगळं तिथे होतं. शाळेत काय होतं? पस्तीस मिनिटांची तासिका, दर तासाला नवा विषय, आणि मी.

"पूर्वीसारखा कधी होईल?"

हा प्रश्न त्याच्या वडिलांनी मला तीन वेळा विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना नरी कॉन्ट्रॅक्टर यांची गोष्ट सांगितली. वडिलांना क्रिकेटचं वेड आहे म्हणून.

१९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात भारताचे कर्णधार कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला. तेव्हा हेल्मेट नव्हती. कवटीला इजा झाली, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. रक्त द्यायला प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले आणि आपल्या पुण्याचे चंदू बोर्डेही. सुमारे दहा महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टर पुन्हा प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळू लागले. पण कसोटी सामना पुन्हा कधी खेळायला मिळाला नाही. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी काढली गेली ती २०२२ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी.

हे बरं होणं म्हणायचं की नाही? मला वाटतं, म्हणायचं. पण "पूर्वीसारखं" हे त्याचं माप नाही. आपण मुलाला रोज त्याच्याच जुन्या फोटोशी तोलत राहिलो, तर तो रोज कमी भरणार. कालच्यापेक्षा आज काय जमलं, एवढंच विचारायचं.

मग आम्ही काय केलं?

मुख्याध्यापक, आई, आजी आणि मी असे एकदा बसलो. डॉक्टरांना विचारून पुढच्या गोष्टी ठरवल्या. खास खर्च कशालाच आला नाही.

१. पहिले दोन आठवडे फक्त मधल्या सुट्टीपर्यंत शाळा. मग दर आठवड्याला एक तास वाढवायचा. डोकेदुखी वाढली तर एक पायरी मागे.

२. राहिलेला अभ्यास उतरवून काढणं पूर्ण बंद. मी पानांचे फोटो आईच्या मोबाईलवर पाठवायचे, तेही गरजेपुरते.

३. गणित आणि भाषा सकाळी, डोकं ताजं असताना. दुपारी चित्र, ऐकणं, गोष्ट.

४. जागा पुढे, खिडकी-दारापासून लांब. दमल्यावर न विचारता डोकं ठेवायची मुभा.

५. एका वेळी एकच सूचना. "वही काढ." ती निघाली की मग, "तारीख घाल."

६. खिशात एक छोटी वही. आज काय करायचं ते त्यात लिहायचं आणि झालं की खूण करायची. आजींच्या उधारीच्या वहीवरून ही कल्पना त्यालाच सुचली.

७. डॉक्टर परवानगी देईपर्यंत खेळाचा तास आणि पळापळ बंद. मेंदू सावरत असताना पुन्हा मार बसला तर फार धोका असतो. मैदानावर तो गुण मोजायचा.

८. मूल्यमापन तोंडी आणि कृतीतून. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम ही साधनं आहेतच, आपण ती कागदापुरती ठेवतो. त्याचा भागाकार मी मंडईत तपासला. साठ लिंबं, पाच-पाचचे ढीग किती? त्याने लावून दाखवले, बारा.

आणि वर्गाला मी खरं सांगितलं. हाताला प्लॅस्टर असलेल्या मुलाला आपण लिहायला लावत नाही, कारण प्लॅस्टर दिसतं. याचं प्लॅस्टर आत आहे, दिसत नाही. मग म्हणाले, "त्या दिवशी मी त्याला बोलले ते चुकलं." चौथीतली मुलं मोठ्यांपेक्षा लवकर समजतात, असा माझा अनुभव आहे.

काही शंका, काही उत्तरं

सहकारी म्हणतात, "चाळीस मुलांच्या वर्गात एकासाठी इतकं कुठून करणार?" वरची यादी पुन्हा पाहा. निम्म्या गोष्टी न करण्याच्या आहेत. ज्या करायच्या, त्या इतर मुलांनाही उपयोगी पडल्या. एका वेळी एक सूचना दिल्यावर वर्गातले आणखी चार जण वेळेत लिहू लागले.

दुसरी शंका, "मूल सवलतीचा फायदा घेत असेल तर?" आठवडाभर वेळ नोंदवून पाहा. आळस विषय बघून येतो. हा थकवा आवडीच्या कामातही येतो, आणि दिवस चढत जाईल तसा वाढत जातो. तरीही आपला अंदाज चुकला, तर आळशी मुलाची दोन पानं लिहायची राहतील. उलट बाजूने चुकलो, तर जखमी मूल शाळाच सोडेल. माझ्या वर्गात ते जवळजवळ घडलं होतं.

तिसरी शंका कागदपत्रांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण मेंदूला मार लागणं हा त्यात वेगळा प्रकार नाही. त्यातून पुढे कायमचं काही राहिलं, उदाहरणार्थ बोलण्यात किंवा हालचालीत अडचण, तर त्या नावाखाली प्रमाणपत्र मिळू शकतं. जे मूल हळूहळू सावरतं आहे ते मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : रकाना सापडेपर्यंत थांबू नका. मुलाला मधल्या सुट्टीत घरी सोडायला पालक, मुख्याध्यापक आणि डॉक्टर यांचं एकमत पुरेसं आहे. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आपल्या केंद्रात असतील तर त्यांनाही लगेच बोलवा.

पालकांनाही एक सांगते. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हवं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं. पुण्यात हेल्मेटसक्ती हा जुना भांडणाचा विषय. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कारवाई सुरू केली तेव्हा विरोध करणारे रस्त्यावर उतरले होते. मोठ्यांनी आपसात काय भांडायचं ते भांडावं. पण रोज सकाळी शाळेच्या फाटकावर मी पाहते, वडिलांचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं आणि मागे बसलेल्या मुलाचं डोकं उघडं. त्या मुलाला या वादात मत विचारलेलं नाही. आणि मूल डोक्यावर पडलं, मग वारंवार उलटी झाली, झोप आवरेना, डोकेदुखी वाढत गेली, झटका आला किंवा बोलणं विचित्र वाटलं, तर हळद लावत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

आता कसा आहे तो?

गणपती आले तेव्हा त्याला ढोल ऐकवेना. विसर्जन मिरवणूक मंडईतूनच निघते, घर जवळ, आवाज टाळणार कसा? त्या दिवशी आजींनी त्याला चिंचवडला मावशीकडे पाठवलं. तो खूप रडला, असं आई म्हणाली. दिवाळीनंतर तो दिवसभर शाळेत बसू लागला. जानेवारीत पहिल्यांदा एक पूर्ण पान न थांबता लिहिलं. वार्षिक परीक्षेच्या सुमारास सतराचा पाढा अजून अडत होता, आणि गोंगाटात तो अजून चिडतो.

आता तो पाचवीत, दुसऱ्या शिक्षकांकडे आहे. ही जागा फार नाजूक असते. मुलांच्या बाबतीत मेंदूच्या इजेचे काही परिणाम उशिरा दिसतात. अभ्यास अवघड होतो, स्वतः नियोजन करावं लागतं, तेव्हा अडचण वर येते. तोवर अपघात सगळे विसरलेले असतात आणि मुलाला "ढ" म्हणून मोकळे होतात. म्हणून मी त्याच्या संचयी नोंदपत्रकात अपघाताची तारीख, काय झालं, कशाने मदत होते, हे आई-वडिलांना विचारून सविस्तर लिहिलं आणि नव्या सरांना समक्ष भेटून सांगितलं. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" असा शेरा त्यात कोणी लिहू नये, एवढीच इच्छा.

जून महिन्यातल्या पालक सभेत मी आता प्रत्येक पालकाला एक प्रश्न विचारते : मुलाच्या डोक्याला कधी मोठा मार लागला होता का? यंदा दोन आयांनी "हो" म्हटलं. त्यातली एक म्हणाली, "पण बाई, त्याला तीन वर्षं झाली, आता काय त्याचं?" तिला मी सभा संपल्यावर थांबवून घेतलं. तुमच्या पुढच्या पालक सभेत तुम्हीही हा प्रश्न विचारा.